प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षा कशी करावी

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आदल्या आठवड्यात बायबलच्या नव्या करारातील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायातील १७ ते ३४ ही वचने सलग वाचावीत. आत्मपरीक्षा करण्यास सांगणारे २८ वे वचन तेवढे सुटे काढल्यास अर्थ बिघडतो. इ.स. ५५ च्या सुमारास प्रेषित पौलाने हे लिहिले, तेव्हा ग्रीसमधील करिंथ शहराच्या मंडळीत, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायात, काही जण आधीच खाऊनपिऊन धुंद होत आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत. म्हणूनच २७ व्या वचनातील ‘अयोग्य प्रकारे’ हा शब्दप्रयोग खाणाऱ्याच्या पात्रतेविषयी नसून खाण्याच्या रीतीविषयी आहे. पात्र तर कोणीच नसतो. तेव्हा स्वतःच्या पापांची यादी करून थांबू नये, मंडळीत आपण कोणाला कमी लेखतो हेही स्वतःला विचारावे. कोणाशी अबोला असेल, तर अर्पणाआधी समेट करण्यास सांगणाऱ्या मत्तय ५:२३-२४ ला अनुसरून आधी त्याच्या घरी जावे. फोनवरचा निरोप सहसा पुरत नाही. उपासनेनंतर सहभोजन असल्यास, कामावरून उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी पंगत थांबवण्याची व्यवस्था पाळकांनी व वडीलवर्गाने (मंडळीच्या पुढाऱ्यांनी) करावी, कारण एकमेकांची वाट पाहण्याची ३३ व्या वचनातील आज्ञा अक्षरशः पाळता येण्याजोगी आहे.