"डोकं आहे पण लिहीत नाही": अशा मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलाचा विज्ञानाचा पेपर तपासत होते, ४० पैकी ११ मार्क. अक्षर ओळीच्या वर-खाली, 'प्रकाशसंश्लेषण' तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलेलं, शेवटचे दोन प्रश्न कोरे. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून तेच प्रश्न तोंडी विचारले तर पठ्ठ्यानं सगळी उत्तरं धडाधड दिली आणि वर मलाच विचारलं, "बाई, मग लाल पानाची झाडं अन्न कशी बनवतात?"

अशी मुलं प्रत्येक शाळेत असतात, बुद्धी दांडगी आणि सोबत डिस्लेक्सिया (वाचन अडणं), डिसग्राफिया (लिखाण अडणं), ऑटिझम (इतरांशी संवाद अवघड जाणं), एडीएचडी (लक्ष न टिकणं, चुळबुळ) किंवा अधू दृष्टी. इंग्रजीत यांना ट्वाइस एक्सेप्शनल, म्हणजे हुशारी आणि अडचण अशी दोन्हीकडून वेगळी मुलं म्हणतात, आपल्याकडे मात्र "आळशी आहे, मनावर घेत नाही" असंच म्हणतात.

पहिली चूक तिथेच होते, आपण सरासरी बघतो. हुशार मूल ऐकून, पाठ करून, अंदाजानं वाचून चौथीपर्यंत निभावून नेतं, मग धडे लांबतात, लिखाण वाढतं आणि एकदम घसरतं, आणि घरचे म्हणतात मोबाईलमुळे झालं. मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धीचं टेस्टिंग केलं तरी रिपोर्टमधला शेवटचा आयक्यूचा आकडा बघून फाईल बंद करतात. समजा तर्काचा स्कोअर १३० आणि कामाच्या वेगाचा ८५, तर एकत्र आकडा "नॉर्मल"च दिसणार ना! म्हणून रिपोर्ट हातात आला की वेगवेगळे स्कोअर समजावून मागा, दोन स्कोअरमध्ये मोठी तफावत असेल तर मुलाची अडचण आणि त्याची ताकद दोन्ही तिथेच सापडतात.

आता सगळ्यात वाईट चूक, "आधी अक्षर सुधार, मग प्रदर्शन". मी स्वतः केलीये ही. एका मुलीला विज्ञान प्रदर्शनाच्या गटातून काढून त्याच तासाला रेमेडियलला, म्हणजे वाचन-लिखाण सुधारायच्या जादा तासाला बसवलं, वाटलं भलंच करतेय. शुद्धलेखन थोडं सुधारलं असेल, पण ती वर्गात प्रश्न विचारायचीच बंद झाली, आणि ते मला आजही बोचतं. ज्या एका गोष्टीत मूल ताठ मानेनं उभं राहतं तीच काढून घेतली तर बाकीच्या मेहनतीसाठी बळ कुठून आणणार ते? रेमेडियल हवंच, पण प्रयोगाचा, चित्रकलेचा, खेळाचा तास कापून नको.

"एवढा हुशार, त्याला कसली सवलत?" हे स्टाफरूममध्ये सर्रास ऐकू येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया, डिसग्राफिया यातच येतात) आहे, ऑटिझमही आहे, आणि मूल नापासच व्हायला पाहिजे अशी अट कुठेही नाही. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितलाय. पण दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव करू नका, दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटला हेलपाटे पडतात, आणि लेखनिकाला (मुलाचं उत्तर ऐकून लिहून देणाऱ्याला) उत्तर सांगणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, सहावी-सातवीच्या चाचण्यांपासूनच सवय लावा.

उलट टोकाची चूकही होते, मिळतील तेवढ्या सगळ्या सवलती घेऊन टाकणं. स्पेलिंग अडतंय पण गणित पक्कं आहे अशा मुलाला सवलत म्हणून खालच्या पातळीचं गणित घ्यायला लावू नका, पुढे सायन्सची वाट अडते.

स्कॉलरशिप परीक्षेच्या सरावात उत्तर येत असून उत्तरपत्रिकेतला गोळा खालच्या ओळीत रंगवला जातो, आपण म्हणतो निष्काळजी. पुठ्ठ्याची पट्टी द्या, ओळीखाली धरून एकेक गोळा रंगवू दे, चुका लगेच कमी होतात.

आणि कृपा करून "प्रांजल पाटील करू शकते मग तुला काय झालं" असं सुनावू नका. उल्हासनगरच्या प्रांजल यांची दृष्टी लहानपणी सहाव्या वर्षी गेली, यूपीएससीत ७७३ वा नंबर येऊनही दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या सेवेत घेतलं नाही, त्यांनी पुन्हा परीक्षा देऊन १२४ वा नंबर काढला आणि आयएएस झाल्या. जिद्द आहेच, पण हातात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही होतं. आपल्या मुलाच्या हातात काय दिलंय ते आधी बघायला हवं.

त्या सातवीतल्या मुलाला मी लाल पानांवर निबंध नाही सांगितला. आईकडून लाल माठाची जुडी आण म्हटलं. प्रयोगशाळेत पानं उकळली, पाणी लालभडक झालं आणि पानं हिरवी दिसायला लागली, तसा तो ओरडलाच, "बाई, हिरवं आतच होतं!" वहीत त्यानं एक आकृती काढली, तीन नावं दिली, बाकी सगळं माझ्या मोबाईलवर चार मिनिटं बोलून रेकॉर्ड केलं. प्रकल्पाचे मार्क मी त्या रेकॉर्डिंगवर दिले.