टक्कल असलेल्या स्त्रीने देखणे कसे दिसावे आणि निर्धास्त कसे वावरावे

स्त्रीच्या डोक्यावरचे केस गेले की आपल्याकडे बहुतेक घरांत पहिली सूचना येते ती पदर डोक्यावरून घेण्याची. ही सूचना मायेपोटी केलेली असली, तरी तिच्या मुळाशी फार जुनी भीती आहे. महाराष्ट्रातल्या अनेक उच्चवर्णीय घरांत नवरा वारला की बाईचे केस बळजबरीने काढले जात, तिला अलवण नेसवले जाई आणि शुभकार्यात तिने समोर येऊ नये असे मानले जाई. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच विधवांच्या डोक्याला वस्तरा लावण्यास नकार दिला. पुढे ती चाल गेली, पण बाईचे केशहीन डोके म्हणजे अशुभ ही समजूत मनाच्या कोपऱ्यात राहून गेली. याउलट तिरुपतीला नवस फेडून परतणाऱ्या बायका पाहाव्यात. त्या मुंडन केलेल्या डोक्याने, कपाळावर कुंकू लावून देवळाच्या आवारात मोकळेपणाने फिरत असतात आणि त्यांच्याकडे कोणी दयेने पाहत नाही. डोके दोन्हीकडे सारखेच असते, त्याला चिकटवलेला अर्थ मात्र वेगळा असतो. म्हणून प्रसाधनाकडे वळण्याआधी हा अर्थ आपण स्वतः मान्य केलेला आहे की आपल्यावर लादलेला आहे, हे एकदा शांतपणे ठरवावे.

आधी कारण जाणून घ्यावे

केस का गेले हे त्वचारोगतज्ज्ञाकडून नीट समजून घ्यावे. थायरॉइडचा विकार, रक्तातील लोहाची कमतरता किंवा बाळंतपण यांमुळे केस विरळ होतात आणि ते बहुधा परत येतात. चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. आधी नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे दिसतात आणि काही जणींच्या बाबतीत सगळे डोके, भुवया आणि पापण्याही मोकळ्या होतात. काही विकारांत मात्र केसांच्या मुळांच्या जागी व्रण तयार होऊन ती कायमची नष्ट होतात, म्हणून डोक्याची आग, खपल्या किंवा दुखणे असेल तर तपासणी लांबणीवर टाकू नये. चाईवर गुंजेचा लेप किंवा लसूण चोळण्याचे सल्ले हमखास मिळतात. त्यांनी कातडी भाजून निघू शकते, शिवाय गुंज विषारी असते, म्हणून असले प्रयोग करू नयेत. तीव्र चाईसाठी आता पोटात घेण्याची औषधेही आहेत. बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली; परंतु अशा औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढत असल्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

केमोथेरपीत उरलेले केस काढताना

केमोथेरपीच्या ज्या औषधांनी केस जातात, त्यांच्या पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत गळती सुरू होते. उशीवर, न्हाणीघरात, ताटात येणारे केस रोज गोळा करणे हा या सगळ्यातला बहुधा सर्वांत क्लेशदायक भाग असतो. त्यामुळे गळती सुरू झाल्यावर दिवस स्वतः निवडून केस काढून टाकलेले बरे, असे माझे मत आहे. आधी खांद्यापर्यंत, मग अगदी आखूड आणि मग पूर्ण, असे टप्प्याटप्प्याने गेले तरी चालते. वस्तरा मात्र वापरू नये. उपचारांच्या काळात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात, त्यामुळे लहानशी जखमही चिघळण्याची किंवा वाहत राहण्याची भीती असते. विजेवर चालणारा ट्रिमर अधिक सुरक्षित ठरतो. केस कोणाच्या हातून काढायचे, आरसा समोर ठेवायचा की नाही, मुलांना त्या वेळी खोलीत येऊ द्यायचे का, हे सगळे त्या स्त्रीनेच ठरवावे. लहान मुलांना आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगून ठेवले, तर ती आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर सरावतात. केस काढण्यापूर्वी भुवया स्पष्ट दिसतील असे एक छायाचित्र आठवणीने काढून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे येईल.

डोक्याच्या त्वचेची निगा

आयुष्यभर केसांखाली झाकलेली ही त्वचा नाजूक असते. तिला चेहऱ्यासाठी वापरतो तो सौम्य साबण पुरतो. टिपून कोरडी केल्यावर हलके खोबरेल किंवा बिनवासाचे मलम लावावे. बाहेर पडताना किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन कानांच्या मागे आणि मानेवरही लावावे, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. डोक्यावर रेडिएशन सुरू असेल तर यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. भुवया नसल्या की घाम थेट डोळ्यांत उतरतो, म्हणून मुंबई-कोकणच्या दमटपणात एक मऊ सुती रुमाल पर्समध्ये असावाच. रात्री पातळ सुती टोपी घातली की पंख्याचा वारा बोचत नाही.

चेहऱ्याची चौकट पुन्हा उभी करावी

केस गेल्यावर आरशातला चेहरा अनोळखी वाटतो, त्याचे कारण असे की कपाळ कोठे संपते हे डोळ्यांना कळत नाही आणि भुवया-पापण्याही गेल्या असतील तर चेहऱ्याच्या रेषाच पुसल्या जातात. येथे थोडे कौशल्य फार मोठा फरक घडवते. पेन्सिल उभी धरून नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला लावावी; ती वर जेथे पोहोचते तेथे भुवई सुरू होते. तीच पेन्सिल डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे तिरकी केली की भुवईचे शेवटचे टोक मिळते. या दोन ठिपक्यांमध्ये, जवळच्या छायाचित्राचा आधार घेऊन, तिरक्या ब्रशने भुवईची पावडर बारीक फटकाऱ्यांनी भरावी. एकच जाड रेघ ओढली तर भुवई रंगवलेली दिसते. केसांच्या मूळ रंगापेक्षा किंचित फिकी छटा घ्यावी. पापण्यांच्या कडेला काजळाची बारीक रेघ ओढून बोटाने पुसट केली की पापण्यांचा भास होतो. खोट्या पापण्यांच्या गोंदाने जळजळ होऊ शकते, आणि भुवया गोंदवून घेण्याचा विचार केमोथेरपीच्या काळात तरी करू नये.

यानंतर टिकली. मोकळ्या कपाळावर ती एरवीपेक्षा थोडी खाली, भुवयांच्या अगदी मध्ये लावावी, म्हणजे नजर डोळ्यांपाशी थांबते. टिकलीच्या मागच्या गोंदातील काही रसायनांमुळे त्वचेवर पांढरे डाग पडू शकतात, म्हणून खाज सुटली तर ती लगेच बंद करून पूर्वीच्या बायकांप्रमाणे मेणाचे बोट लावून त्यावर शुद्ध पिंजर लावावी.

दागिन्यांच्या बाबतीत मला तर वाटते की आपल्या मराठी दागिन्यांचे खरे रूप केस नसतानाच उठून दिसते. मोत्यांच्या कुड्या, कानाच्या वरच्या पाळीवरची बुगडी, गळ्याला बिलगून बसणारी ठुशी किंवा चिंचपेटी, यांच्या आड काहीच येत नाही. कानातले वेल मात्र केसांत अडकवावे लागत असल्यामुळे बाजूला ठेवावेत. नाक टोचलेले नसेल तर चापाची नथ घ्यावी. उपचार चालू असताना नव्याने टोचून घेऊ नये.

झाकायचे असेल तर

डोके झाकणे हा पराभव नाही आणि उघडे ठेवणे ही सक्ती नाही. एकच स्त्री सकाळी स्कार्फ, संध्याकाळी विग आणि घरी मोकळे डोके असे तिन्ही करू शकते. स्कार्फसाठी रेशीम निसटते. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीतून काढलेला सुमारे एक मीटरचा चौकोन सर्वांत चांगला. तो तिरका दुमडून त्रिकोण करावा, दुमडलेली कड कपाळावर भुवयांच्या दोन-तीन बोटे वर ठेवावी, दोन्ही टोके मानेमागे तिसऱ्या टोकावरून नेऊन गाठ मारावी आणि उरलेले कापड गाठीत खोचावे. आत पातळ सुती टोपी घातली तर स्कार्फ सरकत नाही.

विग घ्यायचा असेल तर शक्यतो केस जाण्याआधी माप आणि रंग ठरवावा आणि घेतल्यावर तो चेहऱ्यानुसार कापून घ्यावा. दुकानातून आणलेला विग जसाच्या तसा क्वचितच शोभतो. कृत्रिम धाग्यांचा विग घालून गॅसपाशी उभे राहू नये. फोडणीची धग किंवा कुकरची वाफ एवढ्यानेही ते धागे आखडतात.

लोकांसमोर येताना

सुरुवात लहान ठेवावी: आधी गच्ची, मग जिना, मग नेहमीची भाजीवाली, मग कार्यालय आणि सर्वांत शेवटी लग्नकार्य. कार्यालयात एका विश्वासू सहकाऱ्याकरवी आधीच कळवून ठेवले, तर प्रत्येकाला निराळे सांगण्याचा त्रास वाचतो. ‘अगं, केसांना काय झालं?’ या प्रश्नाला एक वाक्य तयार असावे: ‘चाई पडली आहे, तिची लागण होत नाही, मी बरी आहे.’ नवे तेल सुचवणाऱ्या मावशींना ‘डॉक्टरांचं औषध चालू आहे’ एवढे पुरते. सविस्तर सांगणे हे कोणाचेही देणे नाही.

ज्या स्त्रिया यातून उघडपणे गेल्या, त्यांची छायाचित्रे पाहण्याने धीर येतो. मुंबईच्या पर्सिस खंबाटा १९६५ मध्ये मिस इंडिया झाल्या होत्या आणि हॉलिवूडच्या एका भूमिकेसाठी त्यांनी सगळे केस काढले. १९७९ मध्ये तो चित्रपट आला तेव्हा जगाने त्यांना ओळखले ते त्याच रूपात. सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये कर्करोगावरील उपचारांदरम्यान आपले केस नसलेले रूप लपवले नाही. तरीही काही दिवस आरशाकडे पाहवत नाही, आणि तसे वाटणे साहजिक आहे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ बाहेर पडावेसे वाटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर समुपदेशकाकडे जावे किंवा टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तेथे विनामूल्य बोलता येते.

हळदीकुंकवाला जाताना सर्वांत जास्त धास्ती असते ती गजऱ्याची, कारण यजमानीण गजरा पुढे करते आणि क्षणभर तिलाही काय करावे ते सुचत नाही. अशा वेळी आपणच हसून मनगट पुढे करावे आणि ‘इथे बांधा’ असे म्हणावे.