पहिला वॉटरकलर सेट घेताय? कमी पैशात नीट बघून कसा घ्यायचा

वॉटरकलर शिकायचं ठरवून एबीसीत, म्हणजे पुण्यातल्या आपल्या अप्पा बळवंत चौकात गेलात की काउंटरवर बारा, चोवीस, छत्तीस रंगांचे डबे समोर येतात आणि त्याच पैशात छत्तीस मिळतायत म्हटल्यावर हात आपोआप मोठ्या डब्याकडे जातो. तो घेऊ नका. एवढ्या कमी पैशात एवढे रंग द्यायचे तर रंगद्रव्य कमी आणि फिलर, म्हणजे नुसती भरीची पूड, जास्त टाकावा लागतो, आणि असे दोन रंग मिसळले की फिक्कट मळकट काहीतरी तयार होतं, मग आपल्याला वाटतं की आपला हातच वाईट आहे. हात चांगला असतो हो.

सगळ्यात आधी बजेटची वाटणी करा. समजा हजार रुपये काढलेत, तर चारशेच्या आसपास रंगाला, तेवढेच कागदाला आणि उरलेल्यात एक चांगला राउंड ब्रश, आठ नंबरचा घ्या, टोक नीट जुळत असेल तर बारीक कामही त्यानेच होतं. कागदावर एवढा खर्च कशाला असं घरचे विचारतील, पण साध्या ड्रॉइंग बुकच्या पानावर पाणी पडलं की पान फुगून वर येतं, पाणी खड्ड्यात साचतं आणि महागातला रंगही डागाळतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड, वजनदार) कोल्ड प्रेस्ड, म्हणजे थोडा खरखरीत, कागद घ्या, एका शीटचे आठ तुकडे करून वापरा, मागची बाजू पण वापरा. शिवाजीनगरला हातकागद संस्थेचा कागद मिळाला तर एकच शीट आणून आधी ट्राय करा, कारण हातकागदावर सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ, कमी असेल तर रंग टिपून घेतला जातो आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, पसरतच नाही.

आता डबा हातात घ्या आणि लेबल वाचा. घरात कुणाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वेळचे पोस्टर कलर पडले असतील तर ते यात धरू नका, ते अपारदर्शक असतात आणि वॉटरकलरची सगळी मजा खालचा पांढरा कागद रंगातून दिसण्यात आहे. कॅमलचे स्टुडंट ट्यूब किंवा केक (रंगाच्या वाळलेल्या वड्या) सरावाला ठीक आहेत, थोडं वर जायचं असेल तर कॅमलचेच आर्टिस्ट ट्यूब किंवा ब्रुस्ट्रो बघा, आणि विन्सर अँड न्यूटनची कॉटमन ही त्यांची विद्यार्थ्यांसाठीची रेंज आहे, बजेट ताणता येत असेल तरच.

ट्यूबवर रंगाच्या नावाखाली बारीक अक्षरात पिगमेंट कोड, म्हणजे आत कोणतं रंगद्रव्य आहे त्याची खूण, असतो. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी 15 म्हणजे थॅलो ब्लू. एकच कोड असेल तर तो रंग मिसळताना स्वच्छ राहतो, तीन-तीन कोड असतील तर लवकर मळतो. नावापुढे ह्यू लिहिलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरं वापरलंय एवढंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोडच छापलेला नसेल तर मात्र मी तो सेट ठेवून देते. आणि हो, बारा रंगांच्या डब्यात एक काळा आणि एक पांढरा असतोच बहुधा, म्हणजे कामाचे दहाच.

कोणते रंग हवेत ते सांगते: लेमन यलो, एक केशरीकडे झुकणारा पिवळा, व्हर्मिलियन किंवा स्कार्लेट, क्रिमझन, अल्ट्रामरीन, प्रशियन किंवा थॅलो ब्लू, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. लेमन यलोत थॅलो टाकला की पावसानंतरच्या सिंहगडासारखा लख्ख हिरवा, अल्ट्रामरीन टाकला की जुनाट शांत हिरवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनामधून इतके सुंदर ग्रे निघतात की जुलैतलं मुठेवरचं आभाळ त्या दोनच रंगांत होतं.

घरी आल्यावर टेस्ट करा. ओल्या ब्रशने गडद पट्टा ओढा, ब्रश धुऊन त्याची खालची कड पाण्याने ओढत फिकी करत न्या, पूर्ण वाळू द्या आणि मग बोट घासा. बोटाला पूड लागली किंवा गडद भाग चमकायच्या ऐवजी पांढुरका दिसला तर समजा फिलर जास्त आहे. दुसरा पट्टा काढून अर्धा जाड कागदाने झाका आणि एप्रिल-मेचं ऊन येणाऱ्या खिडकीला चिकटवून ठेवा, दोन महिन्यांनी झाकण काढलं की कोणता गुलाबी उडाला ते स्वच्छ दिसतं. फ्लुरोसंट गुलाबी तर उडतोच, त्यामुळे भेट द्यायच्या चित्रात नको.

ट्यूब घेतली असेल तर वाटाण्याएवढा रंग पॅलेटच्या कप्प्यात काढून वाळवा, पाण्याने तो परत जागा होतो आणि काहीही वाया जात नाही. पावसाळ्यात एक काळजी घ्या, ओला डबा झाकण लावून कपाटात टाकला तर केकवर बुरशी येते, म्हणून काम झालं की फॅनखाली उघडा ठेवून पूर्ण वाळवायचा आणि मगच बंद करायचा.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना सगळ्यात आधी संपतील. तेव्हा अख्खा सेट परत घेऊ नका, एबीसीत सुट्या ट्यूब मिळतात, त्या दोनच आणा.