ओढ्यातली माशांची पिल्लं कशी मोजावीत

कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि अंडी घालतात. त्यांची पिल्लं पाहायला पाऊस ओसरून पाणी नितळ झालं की जा.

ओढ्याचा ५० मीटर तुकडा आखा. खालून वरच्या दिशेनेच चाला. उलट गेलात तर तुम्हीच ढवळलेला गाळ पुढे जाऊन सगळं झाकतो. सावली पाण्यावर पडू देऊ नका. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं हलायचं नाही, घाबरलेली पिल्लं तेवढ्यात परततात. धारेत शोधू नका. काठालगत, वीतभर पाण्यात, दगडाच्या आडोशाला, बुडालेल्या मुळांत पाहा. काडीने खोली मोजा. ५ मीटर जायला वाळकं पान किती सेकंद घेतं तेही लिहा.

हमखास चूक होते ती पिकू या छोट्या माशामुळे. तो पूर्ण वाढूनही लहानच असतो; वरून पाहिलं की डोक्यावर चकाकता ठिपका दिसतो. तो पिल्लांत धरू नका.

दर पंधरवड्याला तिथंच मोजा. पाणी आटू लागलं की पिल्लं कोंडीकडे, म्हणजे ओढ्यातल्या खोल डोहाकडे सरकतात. वाटेत बंधारा असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. पिल्लू हातात घ्यावंच लागलं तर हात आधी ओला करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.