ट्रकच्या केबिनवर काम सुरू करताय? आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसा

मेकॅनिकल करून पुण्यात ट्रकच्या केबिन डिझाइनमध्ये लागलो, तेव्हा पादचाऱ्यांची सुरक्षा म्हणजे मऊ बंपर एवढंच माझ्या डोक्यात होतं. कारचं शिकून आलेल्या बहुतेकांचं असंच असतं. कारची धडक बसली की आधी पाय सापडतात, मग माणूस बॉनेटवर आडवा होतो आणि डोकं बॉनेटवर नाहीतर काचेवर आपटतं. म्हणून चाचणीत मोठ्या माणसाचं ४.५ किलोचं आणि मुलाचं ३.५ किलोचं नकली डोकं बॉनेटवर मारून बघतात. आपल्याकडे त्यासाठी एआयएस-१०० हे मानक आहे. अवजड ट्रकला ते लागू नाही.

आपल्या बहुतेक ट्रकना नाकच नसतं. ती सपाट भिंत कंबर, छाती, खांदा, सगळ्यावर एकदमच येते. माणूस वर उचलला जात नाही, पुढे फेकला जातो, रस्त्यावर आपटतो आणि मागून चाक येतं. युरोपातल्या अ‍ॅप्रोसिस प्रकल्पात ट्रकला पुढे फुगीर नाक लावून माणूस चाकाखाली न जाता बाजूला ढकलला जाईल का, हे तपासलं होतं, ते याच कारणासाठी. नुसता फोम लावून भागत नाही.

पण माझे डोळे उघडले ते यार्डात. आमच्या सिनिअरांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि साधारण पहिलीतल्या मुलाच्या उंचीची काठी बंपरला टेकवून उभी केली. मला काठी दिसेना. ते एकेक पाऊल मागे सरकत गेले. काठीचं टोक काचेत आलं, तोवर जवळजवळ एक मीटर अंतर पडलं होतं. तिथे त्यांनी खडूने रेघ मारली. मग डॅशबोर्डवर देवाची मूर्ती आणि पाण्याची बाटली ठेवली, काचेला वरून झालर लावली, जशी रस्त्यावरच्या गाडीत असते. रेघ आणखी पुढे गेली. सिग्नल सुटताना ट्रकच्या अगदी पुढून जाणारी पोरं त्या रेघेच्या आत असतात. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचाऱ्यांचा रस्त्यावर जीव गेला. हा आकडा सगळ्या वाहनांचा मिळून आहे, पण तो वाचला की मला ती रेघ आठवते.

लंडनने नेमकं हेच मोजायला घेतलं. ड्रायव्हरला काचेतून थेट किती दिसतं, त्यावर बारा टनांवरच्या ट्रकना शून्य ते पाच तारे मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी तारे असतील तर सेन्सर, कॅमेरे वगैरे बसवल्याशिवाय ट्रकला लंडनमध्ये फिरायचा परवाना नाही.

आता काच खाली आणायची म्हटलं की भांडण सुरू. तिथेच वायपरची यंत्रणा, तिथेच एसीचा डबा. शिवाय केबिनच्या मजबुतीसाठी एआयएस-०२९ हे मानक आहे, त्यात लोलकाची धडक सोसूनही ड्रायव्हरला जगायला जागा उरली पाहिजे, म्हणून पुढचा सांगाडा कणखर लागतो. ड्रायव्हरचे पाय पत्र्याला लागूनच असतात. त्याचा जीव आणि रस्त्यावरच्याचा जीव एकाच पत्र्यात सांभाळायचा, हे या कामातलं सर्वात अवघड आणि मला सर्वात मोलाचं वाटणारं कोडं.

सिम्युलेशन सॉफ्टवेअर नोकरीत शिकता येतं. त्याआधी शरीररचना वाचा, बरगड्या आणि कवटी कशा मोडतात ते समजून घ्या. ट्रक टर्मिनलवर जा, बुटक्या ड्रायव्हरला भेटा. आमच्या एका काकांनी सीटवर दोन उशा ठेवल्या होत्या. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याशिवाय समोरचं काही दिसतच नाही रे बाळा." दुसऱ्या दिवशी मी ड्रॉइंगमधला डोळ्यांचा बिंदू खाली घेतला आणि सगळं मोजमाप नव्याने केलं.