उरलेल्या कागदाचे मणी, निवांत बसून करायचे

इंदोरात ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय तर आपल्या सगळ्यांना आहेच, मग सुक्याच्या डब्यात टाकायच्या आधी जुनं कॅलेंडर, गिफ्ट पेपरच्या कडा, मासिकांची गुळगुळीत पानं बाजूला काढून ठेवा, त्यांचे मणी फार सुंदर होतात. लग्नपत्रिकेचा जाड कागद मात्र यात नको, गुंडाळताना मोडतो, त्याचे सरळ बुकमार्क करा.

कागदाचे लांब निमुळते त्रिकोण कापा, रुंद टोक साधारण 2 सेंमी आणि लांबी 25 सेंमी, स्केल लावून रेघा मारल्या की काम पटापट होतं. आता रुंद टोकाकडून टूथपिकवर गुंडाळायला घ्या, रंगीत बाजू बाहेर. पहिला वेढा बिना फेविकॉलचा, नाहीतर मणी काडीलाच चिकटून बसेल, पुढे मात्र बोटाने अगदी पातळ फेविकॉल लावत जायचं आणि टोक मधोमध राहतंय ना ते बघायचं, म्हणजे ढोलकीसारखा छान आकार येतो. खरी मजा इथेच आहे, हात चालू राहतात आणि डोक्यातली गडबड हळूहळू कमी होते, म्हणून घाई अजिबात करू नका.

काडीवरून अलगद काढून रात्रभर सुकू द्या. मग पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात. महालक्ष्म्यांच्या आराशीत याच्या माळा मस्त दिसतात, फक्त पाण्यापासून लांब ठेवा.