कामगार संघटनेचा दहा वर्षांचा जमाखर्च कसा तपासाल?

नव्या कार्यकारिणीच्या हाती दप्तर आलं की पहिली नजर बँकेतल्या शिलकेवर जाते. ती तूर्त बाजूला ठेवा. किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), ताळेबंद, सभासद नोंदवही आणि पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काढून बसा.

आधी वर्षं जुळवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असली तरी मागची वार्षिक विवरणपत्रं कामगार संघटनांच्या १९२६ च्या जुन्या कायद्याची, म्हणजे ३१ डिसेंबरला संपणारी. ताळेबंद ३१ मार्चचा असेल, तर दोन्ही एका तक्त्यात घालू नका. तीन महिन्यांची जमा दोनदा धरली जाते नाहीतर गळते.

मग जमा दोन रकान्यांत लिहा : मासिक वर्गणी आणि पगारवाढीच्या करारानंतर कामगारांना मिळालेल्या फरकाच्या रकमेतून घेतलेला निधी. खरी गोम इथं आहे. ४०० सभासदांनी प्रत्येकी २,००० रुपये दिले की त्या वर्षी ८ लाख दिसतात. करार चार वर्षांचा असेल, तर वर्षाला २ लाखच धरा. नाहीतर भरल्या वर्षी पूर्णवेळ माणूस नेमला जातो आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या पगाराची ओढाताण होते.

वर्गणी महिना ५० रुपये असेल, तर ४०० जणांचे वर्षाला २,४०,००० व्हायला हवेत. किर्दीत १,८०,००० असतील, तर शंभर जणांची वर्गणी आलेली नाही, किंवा आली पण जमा झाली नाही. थकबाकी हलक्यात घेऊ नका. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने संघटनेच्या मान्यतेसाठी सलग सहा महिने ३० टक्के कामगारांच्या सभासदत्वाची अट घातली आणि त्या काळात तीन महिन्यांहून जास्त थकलेल्याला मोजणीतून वगळलं. म्हणून तर मागच्या तारखेच्या पावत्या फाडल्या जातात! छापखान्याचं बिल पाहा. पुस्तक छापण्याआधीची पावती लगेच सापडते.

खर्चात कोर्टाच्या तारखांसाठी कार्यकर्त्यांना आगाऊ दिलेल्या रकमा, म्हणजे अनामती, शोधा. हिशेब न दिलेली अनामत वर्षानुवर्षं ‘येणे’ म्हणून ताळेबंद फुगवते. राजकीय कामाचा खर्च सर्वसाधारण निधीतून झाला असेल, तर तो कायद्याबाहेरचा. त्याचा निधी वेगळा आणि ऐच्छिक असावा लागतो.

शेवटी लढा निधी. संपात घरटी महिना ३,००० द्यायचे तर ४०० घरांना १२ लाख लागतात, म्हणजे पाच वर्षांची पूर्ण वर्गणी एका महिन्यात संपते. ही रक्कम एकाच मुदत ठेवीत अडकवू नका. पन्नास-पन्नास हजारांच्या ठेवी केल्या, की गरजेपुरतीच मोडता येते आणि बाकीच्यांचं व्याज बुडत नाही.